मीठ मोकळं राहणारं बेट

काडेपेटी उन्हात वाळत घालणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. ते माझे घरमालक. शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या बोळात त्यांचं दोन मजली घर होतं आणि वरच्या एका खोलीत मी चौदा वर्षं भाड्यानं राहिले. मी पेठ वडगावची, मुलींच्या शाळेत शिकवायला कोल्हापुरात आलेली, एकटी. ते मला 'बाई' म्हणायचे आणि मी त्यांना 'मालक'. त्यांची बायकोही त्यांना मालकच म्हणायची. बायकोला मी काकी म्हणायचे. मूलबाळ नव्हतं.

सकाळी नऊच्या सुमारास अंगणात ऊन उतरलं की मालकांचं काम सुरू व्हायचं. गादी, उशा, चपला, डाळींचे डबे झाकणं काढून, मिठाची बरणी, आणि सगळ्यांत शेवटी काडेपेटी उघडून, काड्या ओळीनं मांडून. एकदा मी शाळेतून आले तर माझ्या तपासायच्या उत्तरपत्रिका अंगणभर पसरलेल्या. प्रत्येकीवर एकेक खडा.

"मालक, हे काय?"

"वल धरली हुती, बाई. हात लावून बघा की. वल लई वाईट. दिसत न्हाय, आत शिरती."

माझ्या खोलीत ते विचारल्याशिवाय कसे गेले, हे विचारायचं राहूनच गेलं. पेठेतली माणसं हसायची त्यांना. समोरचा दूधवाला तर तोंडावर म्हणायचा, "मालक, दूध तेवढं वाळत घालू नका." मालकांना त्यात विनोद दिसायचा नाही. ते त्याच्या कॅनचं झाकण हुंगून बघायचे.

त्यांची सगळी नोकरी राधानगरीच्या धरणावर झाली होती. जूनमध्ये पाऊस लागला की चार-चार महिने ऊन दिसायचं नाही. क्वार्टरच्या भिंतींना हिरवं धरायचं, पापडाला बुरशी, अंथरुणाला वास. काकींचा खोकला तिथंच सुरू झाला. निवृत्त होऊन दोघं कोल्हापुरात आली ती खोकला बरोबर घेऊनच. येताना मालकांनी बायकोला शब्द दिला होता की एकदा तुला उन्हात नेतो. साध्यासुध्या उन्हात नाही. चारी बाजूंनी समुद्र, पायाखाली गरम वाळू आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत आडवं काही नाही, असं बेट शोधतो आणि तिथं आठ दिवस तुला नुसती बसवतो.

मी राहायला आले तेव्हा बेट शोधणं चालू होतं. मी खोली सोडली तेव्हा काकी नव्हत्या.

संध्याकाळचा चहा झाला की मालक सोप्यात नाडीची फाईल उघडायचे. सरकारी कचेरीत असते तशी, पोट फुगलेली. राजारामपुरीतल्या प्रवासी कंपन्यांकडून आणलेली रंगीत पत्रकं, वर्तमानपत्रांची कात्रणं, माझ्या शाळेतून महिन्याच्या बोलीवर घेतलेला आणि कधीच परत न केलेला नकाशांचा जाड ग्रंथ. काकी शेजारी पाय पसरून लसूण सोलत बसायच्या. मालक एकेक बेट वाचायचे आणि एकेक बेट बाद करायचे.

अंदमानला पाऊस फार. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो आणि वाऱ्यानं डोळ्यांत वाळू जाते असं कुणीतरी सांगितलेलं. मॉरिशसला वादळं. श्रीलंकेत लढाई. मालदीवचं चित्र त्यांना सगळ्यांत आवडायचं. दोन दोन मिनिटं ते त्याकडं बघायचे आणि मग म्हणायचे, "जमीन पाण्याच्या बरुबरीनं हाय. खालनं वल येणार."

कुणी बेटावर जाऊन आल्याचं कळलं की त्या माणसाची धडगत नसायची. गुजरीतल्या एका सराफाचा मुलगा लग्नानंतर मॉरिशसला जाऊन आला होता. मालक मला घेऊन त्याच्या दुकानात गेले. इंग्रजी नावं आली तर बाई लिहून घेतील, म्हणून मी.

"पावणं, ऊन किती वाजता येतंय तिथं?"

"येतंय की काका. सकाळीच."

"आणि मीठ?"

"कसलं मीठ?"

"जेवायच्या टेबलावर मीठ असतंय की न्हाय? ते मोकळं पडतंय, का डबीला चिकटतंय?"

तो गोरामोरा झाला. "मीठ नाही बघितलं काका."

"मग आठ दिवस काय बघितलासा?" मालकांनी अगदी मनापासून विचारलं. आतल्या बाजूला त्याची नवी बायको फिस्सकन हसली आणि तो पोरगा कानापर्यंत लाल झाला. बाहेर आल्यावर मालकांनी मला मॉरिशसवर काट मारायला सांगितली.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. मलाही त्या संध्याकाळची सवय झाली. मी खाली जायचे, जिन्याच्या पायरीवर बसायचे, चहा प्यायचे. काकी मधूनच म्हणायच्या, "मालक, जवळपास कुठंतरी चला की. रत्नागिरीला जाऊ." मालक चष्म्यावरून बघायचे. "रत्नागिरी? तिथं आपल्यापरास जास्त पाऊस. तुला वलीतनं काढून वलीत न्हिऊ व्हय?" तेव्हा पावसाळा नसून माघ महिना असायचा, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. कोकणाचं नाव काढलं की त्यांना जुलैच दिसायचा.

दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतर अचानक ठरलं. मालकांनी पोर्ट ब्लेअरमधल्या कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं होतं. पत्र मीच हिंदीत लिहून दिलं होतं. त्या भल्या माणसाचं उत्तर आलं की जानेवारीत इथं पाऊस जवळजवळ नसतो, आकाश निरभ्र असतं आणि मीठ मोकळं राहतं. मालकांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्या दिवशी प्रवासी कंपनीत नाव घालून आले. जानेवारीचा दुसरा आठवडा.

काकींनी महाद्वार रोडवरून पांढरी कापडी टोपी आणली. नऊवारीवर टोपी घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बाई, मी इंदिरा गांधीगत दिसाया लागले का सर्कशीतल्यागत?" त्या दोन महिन्यांत त्यांचा खोकलासुद्धा मला कमी वाटला. कदाचित मीच तो ऐकत नसेन.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी मी खाली आले तर दोघं टीव्हीसमोर होती. पडद्यावर पाणी दिसत होतं. घरं, गाड्या, माणसं ओढून नेणारं काळं पाणी. मद्रास, मग निकोबार, मग पोर्ट ब्लेअर. मालक मांडी घालून बसले होते. तीन दिवस ते तिथून फारसे उठले नाहीत. त्या मुख्याध्यापकांचं काय झालं असेल, असं मी म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं.

"बाई, मी हिला तिथं न्हेणार हुतो. पंधरा दिवस आधी नंबर लागला असता तर?"

त्या मुख्याध्यापकांना आम्ही पुन्हा पत्र टाकलं. उत्तर आलं नाही.

सहल रद्द झाली. मला वाटलं आता फाईल बंद होईल. ती उलट जास्त उघडायला लागली. मालकांनी आता एक नवा रकाना पाडला, समुद्रसपाटीपासून उंची. पूर्वी ते एका संध्याकाळी चार बेटं बाद करायचे, आता दहा करायला लागले. काकी एकदा लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "आता ह्यास्नी बेट डोंगरावर पायजे." त्या हसल्या, मीही हसले, मालक हसले नाहीत. त्या हसण्यानंतर काकींना खोकल्याची जी उबळ आली ती बराच वेळ थांबली नाही.

वर्षभरानंतर, फेब्रुवारीत, काकी जिना चढून माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर यायच्या नाहीत, त्यांना दम लागायचा. कॉटवर बसून त्यांनी श्वास खाली बसू दिला. मग म्हणाल्या, "बाई, मला समुद्र दावता काय? तुमाला येळ असंल तर. एक दिस."

आम्ही मालकांना सांगितलं की माझ्या आईकडं वडगावला दोन दिवस राहून येतो. मालक खूश झाले. "वडगावात ऊन चांगलं पडतंय. गच्चीवर बसवा हिला." पहाटेच्या एसटीनं आम्ही मालवणला निघालो. गाडी राधानगरीवरून जाते. गाव आलं तशा काकी खिडकीला टेकल्या आणि धरणाच्या बाजूला बोट करून म्हणाल्या, "तिथं आमची खोली हुती. शेवटची."

मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "तिथंच पोरगी गेली आमची."

मला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं.

"सव्वा म्हैन्याची हुती. श्रावणात. दुपटी वाळंनात. मालक एकेक दुपटं शेगडीवर धरून बसायचे. एक दिस शेगडीच पेटंना. काडेपेटी वली. शेजारच्यांचीबी वली. पोरगी गार पडाय लागली तशी मालक तिला उघड्या छातीला धरून बसले, वर घोंगडं. सकाळपतोर तसंच. सकाळी गाडी मिळाली, पर रस्त्यावर पाणी." त्यांनी पदरानं खिडकीची काच पुसली. "त्येंनी तिचं नाव परत कधी घेतलं न्हाय. मीबी घेतलं न्हाय."



मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याकडं होड्या जातात. काकी होडीत बसताना माझा दंड इतका घट्ट धरून होत्या की रात्री तिथं निळं झालेलं दिसलं. पाण्याच्या मध्यावर आल्यावर त्यांनी होडीवाल्याला विचारलं, "दादा, ह्याला बेट म्हणायचं का?"

"चारी बाजूंनी पाणी आसा मां? मगे बेटच," तो म्हणाला.

काकींनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेला काय म्हणू, मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं जवळ होतं, असं त्या नजरेत होतं. पण आनंद होता का राग, ते कळलं नाही.

किल्ल्यात त्यांनी महाराजांच्या देवळात हात जोडले, तटाच्या कडेनं चालत राहिल्या, दम लागला की थांबल्या. एका ठिकाणी तट उतरून खाली छोटीशी वाळू आहे. तिथं त्या बसल्या. टोपी आणली नव्हती, तिच्यावरून मालकांना संशय आला असता. पदर डोक्यावरून काढला आणि तोंड उन्हाकडं करून डोळे मिटले. पाण्याची एक लाट येऊन पायांवरून गेली तशा दचकल्या.

"गरम हाय की वो पाणी!" मग ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. "आणि खरंच खारट हाय."

तासभर त्या तशाच बसल्या. खोकल्या नाहीत, हे मी लक्ष देऊन ऐकलं. उठताना म्हणाल्या, "त्येंना सांगायचं न्हाय, बाई."

"रागावतील?"

"रागवत न्हाईत ते. पर मग त्येंनी करायचं काय? सांजच्याला फाईल कुणाफुडं उघडायची?"

परत आल्यावर मालकांनी काकींचा चेहरा हनुवटी धरून बघितला. "काळवंडलीस की गं." आणि माझ्याकडं वळून, "बघितलासा बाई, दोन दिस ऊन मिळालं तर खोकला निम्म्यावर आला. मी काय म्हणत हुतो?" त्या संध्याकाळी चहानंतर फाईल उघडली गेली. काकी पाय पसरून लसूण सोलायला बसल्या आणि मालकांनी वाचलेल्या प्रत्येक बेटाबद्दल काहीबाही विचारत राहिल्या. समुद्राचं पाणी गार असतंय का? वाळू पायाला लागती का? मालक समजावून सांगत होते. मी पायरीवर मान खाली घालून बसले होते.

दोन वर्षांनी आषाढात काकी गेल्या. दम्यानं. पाच दिवस दवाखान्यात, सहाव्या दिवशी दुपारी. बाहेर असा पाऊस लागला होता की पंचगंगा पात्राबाहेर यायच्या बेतात होती. स्मशानात मी गेले नाही, दूधवाला गेला होता. त्यानं नंतर सांगितलं. चितेच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचताना मालक एकेक शेणी हातात घेऊन, दाबून, हुंगून बघत होते. "ही वली हाय. दुसरी आणा." लोक भिजत उभे होते. दूधवाल्यानंच शेवटी त्यांच्या हातातली शेणी काढून घेतली.

त्यानंतर मालकांनी काही वाळत घातलं नाही. पाऊस सरला, दसरा गेला, दिवाळी गेली, अंगणात लख्ख ऊन पडायला लागलं आणि अंगण रिकामं. गाद्यांना वास यायला लागला. मालक सोप्यातल्या बाकावर बसून असायचे आणि जो येईल त्याला एकच वाक्य सांगायचे. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला. "मी तिला समुद्र दावला न्हाय." मीटरवाला माझ्याकडं बघायचा, मी जिन्यावरून खूण करायचे की जावा तुम्ही.

जेवण सुटत चाललं होतं. मी वरून भाजी-भाकरी आणून द्यायचे, ती दुसऱ्या दिवशी तशीच असायची. हात काठीसारखे झाले. मला काकींना दिलेला शब्दही आठवायचा आणि समोर हा माणूसही दिसायचा. महिनाभर मी हो-नाही करत राहिले. एका सकाळी ते वाक्य त्यांनी मलाच ऐकवलं, मी पाचव्यांदा की सहाव्यांदा ऐकत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्यांनी समुद्र बघितला होता, मालक. मी नेलं होतं. मालवणला."

 मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. गुजरीतल्या त्या पोराला विचारलं होतं तसंच, एकापाठोपाठ एक. कवा? कुठल्या गाडीनं? होडीत भ्याली का? वारं किती हुतं? कुठं बसली? सावलीत का उन्हात? पाय वले केले? कशानं पुसले? मी सगळं सांगितलं. राधानगरीत काय बोलल्या ते सोडून. त्यांनी एकदाही डोळे पुसले नाहीत. शेवटी फक्त म्हणाले, "वडगाव म्हणून सांगितलासा."

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "बाई, म्हैन्याभरात खोली रिकामी करा."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या महिन्यात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पण ते जेवायला लागले. दूधवाल्यानं सांगितलं की स्वतःच भात टाकतात, करपवतात आणि खातात. माणूस रागावर जगतो हे मी तेव्हा बघितलं. त्यानंतर ते तीन वर्षं होते. मी मंगळवार पेठेत खोली घेतली होती, दर दिवाळीला जाऊन यायचे, ते 'या' म्हणायचे. समुद्राचा विषय आमच्यात निघाला नाही. तो शेवटचा निघाला तो मी खोली सोडली त्या दिवशी.

सामान टेम्पोत भरून झालं होतं. मी किल्ली द्यायला सोप्यात गेले. मालक बाकावर होते. मी किल्ली पुढं केली, त्यांनी हात पुढं केला नाही.

"एक इचारायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "परत जाऊ या म्हणाली न्हाय ती?"

हे त्यांनी विचारू नये असं मला महिनाभर वाटत होतं.

"म्हणाल्या होत्या."

"कवा?"

"येतानाच, एसटीत. मग मे महिन्यात. मग पुढच्या संक्रांतीला एकदा."

"मग?"

मी सांगायला लागले. येताना एसटीत मी म्हणाले होते, दहावीच्या परीक्षा होऊ देत. मे महिन्यात म्हणाले, आता उकाडा फार, पाऊस सरला की बघू. पाऊस सरला तेव्हा माझी आई पडली आणि मी वडगावला जाऊन येऊन होते. संक्रांतीला त्यांचा खोकला वाढला होता, म्हटलं जरा बरं वाटू दे, मग चांगलं चार दिवस जाऊ, नीट सोय बघून. खोटं त्यात एकही नव्हतं. सांगता सांगता माझा मलाच आवाज ऐकू यायला लागला आणि मी मध्येच थांबले.

"चौथ्यांदा?" मालकांनी विचारलं.

"चौथ्यांदा म्हणाल्या नाहीत."

मालक अंगणाकडं बघत होते.

"म्हणायची न्हाय," ते हळू म्हणाले. "तीनदा म्हणती. मग न्हाय म्हणत ती. मला ठावं हाय."

ते बाकावर थोडे सरकले. मी किल्ली मुठीत तशीच धरून त्यांच्या शेजारी बसले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.